आकाशातला घाट

मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याहून नाणेघाटाची वाट चढू लागलं की सातवाहनांच्या काळातली पायवाट पायाखाली येते. दोन हजार वर्षांपूर्वी सोपारा-कल्याणचा माल इथूनच जुन्नरकडे चढायचा. जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आजही घाटमाथ्यावर आहे. वाटसरू अंतर मोजायचे ते मजलांनी. एका दिवसाची चाल ती एक मजल.

त्याच घाटावरून रात्री विमानाचा दिवा सरकत जातो. मुंबईचा विमानतळ मुरबाडपासून सरळ रेषेत ६० किलोमीटरही नाही. एसटी आणि लोकल धरून तिथे पोचायला दोन-तीन तास सहज जातात. पूर्ण वेगातलं विमान तेवढं अंतर चार मिनिटांत कापतं. मग अशा विमानाची एक मजल केवढी?

८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून लंडनला निघालं, तेव्हा सुमारे ८,००० किलोमीटरच्या वाटेत कैरो आणि जिनिव्हा असे दोन मुक्काम करावे लागले. आज मुंबई ते न्यूयॉर्क ही एकच मजल आहे: सुमारे १२,५०० किलोमीटर, मध्ये कुठेही न टेकता!

ही वाट जाते तरी कुठून? भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवा. रेघ अरबस्तान, सहारा आणि अटलांटिक ओलांडून सरळ पश्चिमेला निघते. आता शाळेतला पृथ्वीगोल घ्या आणि त्याच दोन शहरांमध्ये सुतळी ताणून धरा. सुतळी घसरत घसरत उत्तरेकडे चढते, थेट आइसलँडवर पोचते आणि ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाला चाटून न्यूयॉर्ककडे उतरते! पट्टीची वाट सुतळीच्या वाटेपेक्षा जवळजवळ १,७०० किलोमीटर लांब भरते. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना ध्रुवांकडचा भाग ताणला जातो, म्हणून सरळ दिसणारी रेघ खरं तर वळसा असते. प्रत्यक्षात हवामान आणि देशोदेशींच्या हवाई हद्दी पाहून वैमानिक या सुतळीच्या थोडं इकडेतिकडे जातात.

याहून मोठं नवल वेळेचं. न्यूयॉर्कला जाताना साधारण १६ तास लागतात, तर परतताना १४ च्या आसपास. दोन तास वाचतात कुठे? विषुववृत्ताकडची हवा तापलेली, ध्रुवाकडची गार. या तफावतीमुळे वारं ध्रुवाकडे निघतं आणि पृथ्वीच्या फिरण्यानं पूर्वेकडे वळतं. जमिनीपासून साधारण १० किलोमीटर उंचीवर अशा वाऱ्याची अरुंद नदीच वाहते. तिचा वेग ताशी १५० किलोमीटरच्याही वर जातो. पश्चिमेला निघालेलं विमान या नदीशी झुंजतं किंवा तिला टाळून जातं. पूर्वेकडे येणारं तिच्यावर स्वार होतं.

नाणेघाट चढलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. वैशाखऱ्यापासून माथ्यापर्यंत अंतर जाताना जेवढं, तेवढंच येताना. पण चढाला लागतो तो वेळ उताराला लागत नाही. हजारो किलोमीटर दूर, डोळ्यांना न दिसणाऱ्या वाऱ्यातही असाच एक घाट आहे. अमेरिकेला निघालेलं विमान तो चढतं आणि घरी परतणारं उतरतं.