हृदयाची सीटी अँजिओग्राफी: भीती आवरल्यास चित्रही स्पष्ट

छातीत अधूनमधून दुखते म्हणून डॉक्टरांकडे गेलेल्या रुग्णाच्या हाती ‘सीटी कॉरोनरी अँजिओग्राफी’ असे लिहिलेली चिठ्ठी पडते आणि त्या क्षणापासून घरातील वातावरण बदलते. ‘अँजिओग्राफी’ हा शब्द ऐकताच अनेकांच्या डोळ्यांसमोर शस्त्रक्रियागृह, रक्तवाहिनीत घातलेली नळी आणि त्यापाठोपाठ येणारी अँजिओप्लास्टी उभी राहते. प्रत्यक्षात या तपासणीत हृदयापर्यंत कोणतीही नळी नेली जात नाही. भूल दिली जात नाही आणि बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी परततात.

मात्र ही भीती केवळ मनापुरती राहत नाही. घाबरलेल्या माणसाचे हृदय जलद चालते आणि जलद चालणाऱ्या हृदयाचे चित्र पुसट येऊ शकते. त्यामुळे रुग्णाची भीती दूर करणे हा या तपासणीच्या पूर्वतयारीचाच एक भाग ठरतो.

एक नाव, दोन तपासण्या

पारंपरिक अँजिओग्राफीत मनगटातील किंवा जांघेतील धमनीतून एक बारीक नळी हृदयाच्या धमन्यांपर्यंत नेली जाते. जर्मन डॉक्टर वर्नर फोर्समान यांनी १९२९ मध्ये स्वतःच्याच हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी सरकवून या मार्गाची सुरुवात केली. १९५६ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले.

सीटी अँजिओग्राफीची वाट वेगळी आहे. येथे शरीराभोवती वेगाने फिरणारे यंत्र क्ष-किरणांच्या साहाय्याने अनेक दिशांनी प्रतिमा टिपते आणि संगणक त्यांची सांगड घालून धमन्यांचे चित्र उभे करतो. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी विकसित केलेल्या सीटी यंत्रावर १९७१ मध्ये लंडन येथे प्रथमच रुग्णाच्या मेंदूची तपासणी झाली. १९७९ चे नोबेल पारितोषिक त्यांना ॲलन कॉरमॅक यांच्यासमवेत मिळाले. सतत हलणाऱ्या हृदयाचे सूक्ष्म चित्र टिपणे मात्र त्या यंत्रांच्या आवाक्याबाहेरचे होते. २००४ च्या सुमारास ६४ स्लाइसची यंत्रे आल्यानंतर ही तपासणी रुग्णालयांत रुळली.

टूडी इको ही त्याहून वेगळी तपासणी असून तीत ध्वनिलहरींचा उपयोग होतो. किरणांचा संबंध येत नाही. एमआरआयमध्ये लांब बोगद्यासारख्या यंत्रात बराच वेळ पडून राहावे लागते. सीटीचे यंत्र हे रुंद कड्यासारखे असते आणि त्याच्या दोन्ही बाजू मोकळ्या असतात. बंदिस्त जागेची भीती वाटणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

ठोके मंद का हवेत?

हृदयाच्या प्रत्येक ठोक्यात आकुंचन आणि विश्रांती असे दोन टप्पे असतात. विश्रांतीच्या टप्प्यात हृदय क्षणभर जवळपास स्थिर असते आणि ईसीजीच्या आधारे यंत्र नेमका तोच क्षण टिपण्याचा प्रयत्न करते. मिनिटाला ६० ठोके असतील तर एका ठोक्याला पूर्ण एक सेकंद मिळतो. ९० ठोके झाले की हा अवधी सुमारे दोन तृतीयांश सेकंदावर येतो आणि ही कपात मुख्यतः विश्रांतीच्याच वाट्याला येते.

म्हणूनच ठोके मिनिटाला साधारणतः ६० ते ६५ च्या आत असावेत, असा डॉक्टरांचा प्रयत्न असतो. आवश्यकतेनुसार बीटा ब्लॉकर गटातील औषध दिले जाते. अधिक वेगवान आधुनिक यंत्रे जलद ठोक्यांतही चित्र घेऊ शकतात. तरीही मंद आणि नियमित ठोक्यांमुळे चित्र सुस्पष्ट येते आणि पुष्कळदा किरणांची मात्राही कमी ठेवता येते.

आदल्या दिवसाची तयारी

चहा आणि कॉफी आदल्या रात्रीपासून टाळण्यास सांगितले जाते, कारण त्यांतील कॅफिनमुळे ठोके वाढू शकतात. तपासणीपूर्वी काही तास उपाशी राहावे लागते. पाणी पिण्यास बहुधा हरकत नसते. नेहमीची औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी, विशेषतः मूत्रपिंडाचा विकार असल्यास, डॉक्टरांना तसे आधी कळवावे.

दमा, मूत्रपिंडाचे विकार, गर्भधारणेची शक्यता आणि पूर्वी कॉन्ट्रास्टमुळे झालेला त्रास या चार गोष्टी लपवू नयेत. लैंगिक दुर्बलतेवरील सिल्डेनाफिलसारखे औषध घेतले असल्यास तेही संकोच न करता सांगावे. तपासणीच्या वेळी धमन्या रुंदावण्यासाठी जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देतात आणि ही दोन्ही औषधे एकत्र आल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या घसरू शकतो.

घरी एक सोपा सराव करता येतो. साधारण खोल श्वास घेऊन तो सुमारे दहा सेकंद रोखून धरण्याची सवय झाल्यास यंत्राखाली गोंधळ उडत नाही.

खोलीत काय घडते?

रुग्णाच्या छातीवर ईसीजीच्या तारा जोडल्या जातात आणि हाताच्या शिरेत सुई बसवली जाते. दोन्ही हात डोक्यावर घेऊन झोपल्यावर टेबल कड्यातून पुढे-मागे सरकते. यंत्राची घरघर ऐकू येते. तंत्रज्ञ काचेपलीकडे असला, तरी तो रुग्णाला पाहू शकतो आणि ध्वनिक्षेपकावरून त्याच्याशी बोलू शकतो.

आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट द्रव शिरेत जाताच सर्वांगातून ऊब पसरल्यासारखे वाटते, तोंडाला धातूसारखी चव येते आणि लघवी झाल्याचाही भास होऊ शकतो. आधी कल्पना नसेल तर नेमक्या याच क्षणी रुग्ण दचकतो, हलतो आणि त्याचे ठोके वाढतात. ही जाणीव अपेक्षित असून मिनिटभरात ओसरते. प्रत्यक्ष चित्रे काही सेकंदांतच टिपली जातात. बाकीचा वेळ तयारीत जातो. नायट्रोग्लिसरीनमुळे थोडा वेळ डोके दुखू शकते.

सुईच्या जागी तीव्र वेदना, अंगाला खाज किंवा श्वास घेण्यास त्रास जाणवल्यास मात्र तत्काळ सांगावे. गंभीर ॲलर्जी अतिशय विरळ असते आणि तिच्यावरील औषधे तपासणीच्या ठिकाणी तयार ठेवली जातात. तपासणीपूर्वी सही घेतले जाणारे संमतीपत्र याच विरळ शक्यतांची माहिती देण्यासाठी असते. रुग्णाची प्रकृती गंभीर आहे, असा त्याचा अर्थ नव्हे. कोळंबी किंवा खेकडा न सोसणाऱ्यांना कॉन्ट्रास्टही सोसणार नाही, हा समज शास्त्राच्या कसोटीवर उतरलेला नाही.

किरणांचा धोका

जगात प्रत्येक माणसाला निसर्गातूनच वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट इतके किरण मिळतात. सुरुवातीच्या ६४ स्लाइस यंत्रांवर या तपासणीची मात्रा १० ते १५ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून अधिक असे. आधुनिक यंत्रांवर योग्य पद्धती वापरल्यास ती पुष्कळदा ५ मिलिसिव्हर्टच्या आत राहते. भारतात अशा यंत्रांच्या सुरक्षिततेवर १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण आहे. धोका अल्प असला तरी शून्य नाही. म्हणून ही तपासणी कोणतीही तक्रार नसताना केवळ हौसेखातर करून घेऊ नये. मात्र डॉक्टरांनी सकारण सुचवल्यास किरणांच्या धास्तीने टाळूही नये.

अहवालाची धास्ती

अनेकांना यंत्रापेक्षा अहवालाची भीती अधिक वाटते. धमन्या निर्दोष आढळल्यास छातीदुखीमागे त्यांतील अडथळा असण्याची शक्यता फारच कमी उरते आणि पुढील अनेक तपासण्या टळतात. थोडे थर साचलेले दिसल्यास त्याचा अर्थ लगेच स्टेंट किंवा बायपास असा होत नाही.

स्कॉटलंडमध्ये ४,१४६ रुग्णांवर झालेल्या ‘स्कॉट-हार्ट’ अभ्यासाचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या उपचारांसोबत सीटी अँजिओग्राफी केलेल्या गटात हृदयविकाराने मृत्यू किंवा हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाण २.३ टक्के, तर ती न केलेल्या गटात ३.९ टक्के होते. पाच वर्षांच्या अखेरीस नळीद्वारे केलेल्या अँजिओग्राफीचे आणि धमन्या मोकळ्या करण्याच्या उपचारांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच राहिले. फरक दिसला तो प्रतिबंधक औषधांत. चित्र समोर आल्यानंतर ज्यांना औषधांची खरी गरज होती, त्यांना ती अधिक प्रमाणात सुरू झाली.

एक इशारा मात्र आवश्यक आहे. छातीत दाब किंवा वेदना, घाम, धाप, जबडा अथवा डाव्या हाताकडे जाणारी कळ अशी लक्षणे अचानक जाणवल्यास ठरलेल्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये. अशा वेळी ११२ क्रमांकावर संपर्क साधून किंवा मिळेल त्या वाहनाने जवळचे रुग्णालय तातडीने गाठावे.

एरवी, तपासणीच्या दिवशी औषधांची यादी आणि जुने अहवाल सोबत न्यावेत, वेळेआधी पोहोचून थोडा वेळ शांत बसावे आणि मनातील शंका यंत्राखाली झोपण्यापूर्वीच विचारून घ्याव्यात. पुढे काय घडणार हे ठाऊक असलेल्या रुग्णाचे ठोके लवकर स्थिरावतात आणि डॉक्टरांच्या हाती येणारे चित्रही अधिक विश्वासार्ह ठरते.