ही जार कुठून आली?

कोऱ्या यंत्रावर मेव्हन या जावाच्या बिल्ड साधनाचा पहिला बिल्ड चालवला की पडद्यावर ओळींची रांग लागते. डाउनलोडिंग, डाउनलोडेड, पुन्हा डाउनलोडिंग. नाशिकमधल्या आमच्या ऑफिसात नव्याने लागलेली मुलं पहिल्या दिवशी हे बघत बसतात. लागणाऱ्या लायब्ररी लिहिलेल्या पोम फाइलमध्ये त्यांना वीसेक नावं दिसलेली असतात आणि यंत्रावरच्या एम-टू फोल्डरमध्ये शेकडो जार फायली येऊन पडतात. मग कुणीतरी विचारतंच, "सर, एवढं सगळं आपण मागितलं कधी?"

आपण थोडंच मागितलेलं असतं. बाकीचं त्या वीस जणांनी मागवलेलं असतं, आणि त्यांच्या पाहुण्यांनी आणखी कुणाकडून. दोन वाटांनी एकाच लायब्ररीची दोन व्हर्जन्स आली, तर मेव्हन त्यातलं नवं कुठलं हे पाहत नाही. आपल्या पोमपासून कमी पायऱ्यांवर असेल ते घेतो, पायऱ्या सारख्या असतील तर आधी लिहिलेल्या वाटेचं घेतो. त्यामुळे जुनं व्हर्जन खुशाल नव्याला बाजूला सारतं. कंपाइल बिनबोभाट होतं आणि प्रोग्राम चालू झाल्यावर, ग्राहकाकडे, 'अशी मेथडच नाही' म्हणून कोसळतो. म्हणून नव्या मुलांना मी आधी कोड लिहायला देत नाही. डिपेंडन्सी ट्रीची आज्ञा चालवून तो लांबलचक वृक्ष कागदावर काढून घेतो आणि प्रत्येक फांदी कुणामुळे फुटली ते पेन्सिलीने लिहायला लावतो. कंटाळवाणं काम आहे, पण बिल्ड कळतो तो इथेच.

या फायली जगभर मेव्हन सेंट्रल या सार्वजनिक भांडारातून येतात. आमच्याकडे त्या थेट येत नाहीत. प्रत्येकाच्या सेटिंग्ज फाइलमध्ये एक मिरर लिहिलेला असतो, आणि सगळ्या मागण्या ऑफिसातल्या नेक्सस सर्व्हरकडे जातात. नेक्ससमध्ये तीन प्रकारच्या रिपॉझिटरी असतात. प्रॉक्सी बाहेरून आणते आणि प्रत ठेवून घेते, होस्टेडमध्ये आपण स्वतः बनवलेलं ठेवतो, आणि ग्रुप या सगळ्यांना एकाच पत्त्यामागे उभं करतो. बहुतेक ऑफिसांत नेक्सस येतो तो वेगासाठी. एकाने आणलेली जार दुसऱ्याला घरच्या डिस्कवरून क्षणात मिळते, पावसाळ्यात इंटरनेटची लाइन गेली तरी बिल्ड अडत नाही. हा फायदा खराच आहे, पण माझ्या लेखी तो दुय्यम.

नेक्ससला 'नाही' लक्षात ठेवायची सवय आहे, ती आधी समजून घ्यावी लागते. एखाद्या लायब्ररीचं नवं व्हर्जन जाहीर झालेलं असतं, पण सेंट्रलवर अजून पोचलेलं नसतं. आमच्यातला उत्साही कुणी ते लगेच पोममध्ये लिहितो. नेक्सस सेंट्रलला विचारतो, उत्तर नकारार्थी येतं, आणि तो नकार १४४० मिनिटं, म्हणजे पुरता एक दिवस, जपून ठेवतो. मुळात ठरवलेली मुदतच तेवढी आहे. तासाभरात ती जार ब्राउझरमध्ये सेंट्रलवर दिसू लागते, बिल्ड मात्र ती नाहीच म्हणत राहतो. शिवाय मेव्हनही आपल्या एम-टू फोल्डरमध्ये नकाराची वेगळी नोंद करून बसलेला असतो. दोन्ही ठिकाणची आठवण पुसावी लागते. नेक्ससची कॅश रद्द करायची आणि बिल्ड 'यू' हा पर्याय लावून चालवायचा. एकच पुसली तर माणूस दिवसभर चक्रावून जातो.

होस्टेड रिपॉझिटरीत स्नॅपशॉट वेगळे आणि रिलीज वेगळे. स्नॅपशॉट, म्हणजे चालू कामाच्या प्रती, रोज बदलोत. रिलीजवर मी रीडिप्लॉय बंद ठेवतो. एकदा १.४.२ म्हणून चढवलं ते कायमचं १.४.२. चूक सापडली तर १.४.३ काढा. "एकदाच उघडा ना सर, एका ओळीचा तर फरक आहे," अशी विनवणी होते आणि मी ऐकत नाही. त्या एका ओळीमुळे एकाच आकड्याच्या दोन वेगळ्या फायली दोन यंत्रांवर राहतात, आणि मग ग्राहकाकडे नेमकं काय चालू आहे हे कुणालाच सांगता येत नाही. सेंट्रलचाही नियम हाच आहे, एकदा प्रसिद्ध झालेलं बदलता येत नाही आणि काढूनही घेता येत नाही. जावास्क्रिप्टच्या एनपीएम भांडारात पूर्वी केव्हाही काढून घेता येत असे. मार्च २०१६ मध्ये एका लेखकाने 'लेफ्ट-पॅड' नावाचं आपलं अकरा ओळींचं पॅकेज मागे घेतलं आणि जगभरचे बिल्ड फेल झाले. ज्यांच्या प्रॉक्सीत त्याची प्रत होती, त्यांना त्याची झळ लागण्याचं कारण नव्हतं.

नेक्ससची खरी किंमत कळली ती डिसेंबर २०२१ मध्ये. १० तारखेला, शुक्रवारी, लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या जावा लायब्ररीतली त्रुटी जगभर गाजत होती. नोंदवहीत जाणाऱ्या मजकुरात एक विशिष्ट ओळ घातली की बाहेरचा माणूस सर्व्हरवर आपला कोड चालवू शकत होता. तीव्रता दहापैकी दहा. त्या दिवशी प्रत्येक ऑफिसात एकच प्रश्न होता, ही आपल्याकडे कुठे आहे? नेक्ससच्या शोधात नाव घातलं की घरात आलेली सगळी व्हर्जन्स समोर येत होती. ती कुठल्या प्रोजेक्टात गेली हे ट्री सांगत होता. तरीही काही लपलेली होतीच, कारण काही कंपन्या दुसऱ्यांच्या क्लास फायली स्वतःच्या मोठ्या जारमध्ये मिसळून देतात आणि ट्रीमध्ये त्यांचं नाव येत नाही. त्यासाठी जार उघडून आतला 'जेएनडीआय-लुकअप' क्लास शोधायचा. पुढे २.१५.०, २.१६.०, २.१७.०, २.१७.१ अशी दुरुस्त व्हर्जन्स महिनाअखेरपर्यंत येत राहिली. ज्यांनी सगळ्या प्रोजेक्टांसाठी व्हर्जनचा आकडा एका मूळ पोममध्ये बांधून ठेवला होता, त्यांना दर वेळी एकच ओळ बदलावी लागली.

कुठली वस्तू कुठून आली हा हिशेब नाशिकला नवा नाही. इथून युरोपला जाणाऱ्या द्राक्षांची बाग अपेडा या सरकारी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेटवर नोंदलेली असते, नमुन्यात औषधांचे अंश तपासले जातात, आणि पेटीवरून माग काढत बागेच्या प्लॉटपर्यंत पोचता येतं. २०१० मध्ये क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे युरोपात माल अडला, त्याची किंमत इथल्या शेतकऱ्याने चांगलीच मोजली आहे. त्याच शहरात 'युटिल-न्यू-फायनल' अशा नावाची, व्हर्जन नसलेली जार पेन ड्राइव्हवरून प्रोजेक्टच्या लिब फोल्डरमध्ये टाकली जाते, हे मला पाहवत नाही.

दुसरा धोका उलट बाजूने येतो. २०२१ च्या फेब्रुवारीत अ‍ॅलेक्स बिरसान या संशोधकाने दाखवून दिलं की, कंपनीच्या आतल्या खासगी पॅकेजच्या नावानेच सार्वजनिक भांडारात मोठ्या आकड्याचं पॅकेज ठेवलं, तर अनेक बिल्ड बाहेरचंच उचलतात. अ‍ॅपल आणि मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्याही त्यात सापडल्या. त्यावर उपाय म्हणून आमच्या खासगी पॅकेजांचं नाव बाहेर विचारूच नये असा राउटिंग नियम नेक्ससमध्ये घातला आहे.

आता सॉफ्टवेअरमध्ये काय काय आहे याची यादी ग्राहकच मागतात. सेबीने ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या सायबर सुरक्षा चौकटीत सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी मागितली, आणि ऑक्टोबरमध्ये सर्ट-इनने तशा याद्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सायक्लोनडीएक्सचं प्लगइन लावलं की मेव्हन प्रत्येक बिल्डबरोबर ती यादी काढून देतो. लिब फोल्डरमधल्या बेनामी जार मात्र त्या यादीत धड येत नाहीत. सध्या आम्ही त्यांची ओळख पटवण्याचं काम करतो आहोत. प्रत्येक जारचा एसएचए-वन काढायचा आणि सेंट्रलवर शोधायचा. जुळला तर तिचं खरं नाव आणि व्हर्जन मिळतं, मग ती पोममध्ये लिहून लिबमधली काढून टाकायची. जुळला नाही, पण पुरवठादार माहीत असेल, तर त्याच्याकडून व्हर्जन लेखी घेऊन होस्टेडमध्ये चढवायची. ज्यांचा काहीच पत्ता लागत नाही त्यांच्या जागी नवा कोड लिहायचा असं ठरलं आहे, आणि त्यासाठी लागणारा वेळ पुढच्या रिलीजच्या वेळापत्रकात धरला आहे.