फिनॉल पचवणारी टाकी

दगडी कोळशाचा कोक करताना तो हवेविना हजार अंशांच्या वर तापवतात. निघालेला वायू पाण्याने थंड केला की डांबर, अमोनिया, फिनॉल, सायनाइड आणि थायोसायनेट त्या पाण्यात उतरतात. इतके जहाल पाणी शुद्ध करण्याचा मुख्य भार आजही जिवाणूंच्या टाकीवर असतो. तो तिला पेलतोही. मात्र तिच्या आधीची कामे चोख झाली पाहिजेत. तिथली हयगय शेवटी महागडा फिल्टर बसवून भरून निघत नाही.

ही सक्रिय गाळाची पद्धत १९१४ मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडली. पाण्यात हवा सोडायची, जिवाणू वाढू द्यायचे आणि तळाशी बसलेला गाळ पुन्हा टाकीत घ्यायचा. स्युडोमोनाससारख्या जिवाणूंचे फिनॉल हे अन्नच. पण एकदम जास्त आले तर तेच त्यांना मारते. अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू सावकाश वाढतात आणि फिनॉल, सायनाइड यांनी लगेच मंदावतात. म्हणून आधी डांबर निथळून काढायचे, वाफेने अमोनिया उडवून वेगळा धरायचा आणि समतोल टाकीत साठवून पाण्यातले चढउतार मोडायचे. कार्बनचा फिल्टर यानंतरचा. डांबर त्याच्यापर्यंत पोहोचले, तर त्याची छिद्रे बुजतात.

यावर कोणी गोव्यातील आमोण्याचा दाखला देईल. तिथल्या कोकभट्ट्यांत वायू भट्टीतच जळतो, त्याच्या उष्णतेवर वीज तयार होते आणि फिनॉलयुक्त पाणी निर्माणच होत नाही. नव्या भट्टीसाठी हा पर्याय विचारात घ्यावाच. पण अनेक पोलाद कारखाने कोकभट्टीच्या वायूवरच इतर भट्ट्या चालवतात. त्यांना पाण्याचा प्रश्न सोडवावाच लागतो.

दुसरा आक्षेप असा, की सरकारी मर्यादा पाळली म्हणजे पुरे. कोकभट्टीच्या सांडपाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम फिनॉल चालते. पिण्याच्या पाण्याची मर्यादा मात्र ०.००१ मिलिग्रॅम आहे. हे हजार पटींचे अंतर नदीच्या प्रवाहाने भरून काढायचे, असे त्यात गृहीत आहे. उन्हाळ्यात आटणाऱ्या आपल्या नद्यांवर ते ओझे टाकता येत नाही. शिवाय नदीवरच गावा-शहरांची तहान भागते: तिकोणा पेठ परिसरातील पवना धरणाचे पाणी नदीतून वाहत जाते आणि रावेतच्या बंधाऱ्यावर पिंपरी-चिंचवडसाठी उचलले जाते. फिनॉल उरलेल्या पाण्यात क्लोरीन घातले, तर औषधी वासाची क्लोरोफिनॉल बनतात. म्हणून कोळशाच्या सांडपाण्याचा हिशेब कारखान्यातच पुरा व्हायला हवा, आणि त्याची सुरुवात डांबराच्या पहिल्या टाकीपासून.