गाजलेलें घर
अमेरिकेंतील शिकागो बुल्स या धंदेवाईक बास्केटबॉल संघाचा १९९७-९८ चा हंगाम आम्हांस मनन करण्याजोगा वाटतो. प्रशिक्षक फिल जॅक्सन यांचें हें अखेरचें वर्ष, असें व्यवस्थापकांनीं आधींच जाहीर केलें होतें. शस्त्रक्रियेमुळें पहिले ३५ सामने मुकलेल्या स्कॉटी पिपेननें, अल्प वेतनानें रुष्ट होऊन, संघ सोडण्याची भाषा काढली. तरीहि संघानें ८२ पैकीं ६२ सामने जिंकले. १४ जून १९९८ रोजीं यूटा जॅझवर ८७-८६ अशी मात करून सलग तिसरें अजिंक्यपद मिळविलें. त्यांत ४५ गुण एकट्या मायकेल जॉर्डनचे!

पण विजयानें मनें सांधलीं नाहींत. तिघेहि गेले, पुढील हंगामांत ५० पैकीं अवघे १३ विजय पदरीं पडले. कर्तबगारीनें घर गाजतें. टिकतें मात्र परस्परांचा मान राखल्यानें, हें एकत्र कुटुंबांतील आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नकोच.