नदीकाठचे पाहुणे

परदेशी स्थायिक झालेले आपले आप्तेष्ट सुटीच्या दिवसांत डोंगरातील ओढ्याकाठी राहुट्या ठोकून राहतात, किंवा चाकांवरचे घरच मोटारीमागे जोडून नेतात आणि पहाटे गळ टाकून ट्राउट नावाचा मासा धरतात, ही वार्ता आता आपल्या गावांना नवीन राहिलेली नाही. ही हौस आपल्या देशातही रुजू लागली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा फिरत्या घरांच्या पर्यटनाचे धोरण जाहीर केले. भोपाळच्या परिसरातही रानात आणि जलाशयांच्या काठी मुक्कामाच्या राहुट्या उभ्या राहिल्या आहेत. एखादे कुटुंब नाताळच्या सुटीत तिकडे जाण्याचा बेत करीत असेल, तर निघण्यापूर्वी त्याने तेथील नद्यांची थोडी ओळख करून घ्यावी, एवढ्याचसाठी हा लेख.

प्रथम ट्राउटविषयी. हा मासा मूळचा आपला नव्हे. इंग्रज अधिकाऱ्यांनी आपल्या हौसेखातर त्याची अंडी विलायतेहून आणविली. १८९९ साली काश्मीरला पाठविलेली अंडी वाटेतच नासली; पुढच्या वर्षीची मात्र जगली. १९०७ च्या सुमारास नीलगिरीतील अव्हलांच येथे त्याची पैदास होऊ लागली. या माशाला थंड, खळाळते, स्वच्छ पाणी लागते. पाण्याची उष्णता वीस अंशांच्या वर चढू लागली की तो कासावीस होतो. भोपाळला तर उन्हाळ्यात पारा चाळीस अंश ओलांडतो. तेव्हा तेथे ट्राउट शोधणे म्हणजे माळरानावर नारळीची बाग शोधण्यासारखे होय.

मग भोपाळकडच्या नद्यांचा मानकरी कोण? तो महासीर. नर्मदेच्या काठचे लोक त्याला बाडस म्हणतात. पालघर जिल्ह्यात वाड्याजवळ, वैतरणेच्या तीरी असलेले तिळसे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या माशाच्या कुळाची वेगळी ओळख करून द्यायला नको. तेथील महादेवाच्या मंदिराजवळच्या डोहात जे थोराड, मोठ्या खवल्यांचे मासे यात्रेकरूंच्या हातून निर्धास्तपणे खाऊ घेतात, ते याच कुळातले. मध्य प्रदेश शासनाने २०११ साली महासीराला राज्याचा मासा म्हणून मान दिला. परंतु मान मिळाला तो मासा विरळ होत चालल्यावर! एके काळी नर्मदेच्या मासळीत ज्याचा मोठा वाटा होता, तो बाडस आज क्वचितच जाळ्यात येतो.

हे असे का व्हावे? पावसाळ्यात नद्या भरून वाहू लागल्या की बाडस प्रवाहाविरुद्ध पोहत वर चढतो आणि उथळ, धावत्या पाण्यातील गोट्यांमध्ये व खडीत अंडी घालतो. वाहते पाणी त्या अंड्यांना प्राणवायू पुरविते. म्हणजे त्याला दोन गोष्टी हव्यात : मोकळी वाट आणि स्वच्छ खडी. धरणाने वाट अडविली, फुगवट्याने खळाळ बुडविला आणि वाळू-खडीच्या उपशाने पाळणाच मोडला, तर मासा जगावा कसा? तवा, बरगी, इंदिरा सागर अशी धरणे एकामागून एक झाली. त्यांनी शेतीला पाणी आणि घरांना वीज दिली, हे कृतज्ञतेने मान्य करावे; मात्र त्याची किंमत कोणी मोजली, हेही विसरू नये.

ती किंमत केवळ माशांनी मोजली नाही. सोहागपूरजवळ देनवा नदीच्या तीरावर मढई नावाचे ठिकाण आहे. होडीतून नदी ओलांडली की पलीकडे सातपुड्याचे राखीव रान लागते. येथील मुक्कामाची फार ख्याती आहे. तवा धरणाच्या पाण्याखाली अनेक आदिवासी गावे गेली. विस्थापितांनी पुष्कळ झगडून १९९६ साली जलाशयात मासेमारीचा हक्क मिळविला आणि सहकारी संस्थांचा संघ स्थापून दहा वर्षे तो चालविला. पुढे तो हक्क त्यांच्याकडे राहिला नाही. काठावर बसून सूर्यास्त पाहताना, ‘या पाण्याखाली कोणाची तरी चूल होती,’ एवढे मुलांना अवश्य सांगावे.

आता सावधगिरीचे दोन शब्द. एप्रिल २००५ मध्ये देवास जिल्ह्यातील धाराजी येथे नर्मदाकाठी यात्रा भरली होती. रात्री लोक वाळवंटात निजले असता वरच्या इंदिरा सागर धरणातून सुटलेले पाणी अकस्मात चढले आणि साठाहून अधिक जीव वाहून गेले. त्या रात्री तेथे पाऊस पडत नव्हता! तेव्हा आकाश निरभ्र असले तरी धरणाखालच्या नदीपात्रात राहुटी ठोकू नये; उंच, कोरड्या जागी ठोकावी आणि वर धरण आहे काय, पाणी केव्हा सोडतात, याची गावकऱ्यांकडे चौकशी करावी. भोपाळ शहराला लागूनच असलेल्या केरवा व कलियासोतच्या रानात वाघाचा वावर आहे. कलियासोतच्या पाण्यात आणि देनवेतही मगरी आहेत. म्हणून मन मानेल तेथे मुक्काम न करता देलावाडीसारख्या वनखात्याच्या परवानगीच्या ठिकाणीच उतरावे. अंधार पडल्यावर मुलांना पाण्याजवळ जाऊ देऊ नये.

गळ टाकण्याचा मोह होईल. परंतु राखीव रानात मासे धरणे गुन्हा आहे, आणि १६ जून ते १५ ऑगस्ट हा विणीचा काळ असल्याने मध्य प्रदेशातील नद्यांत तेव्हा मासेमारी बंद असते. चूल मांडण्यासाठी प्रवाहातील गोटे उचलू नयेत. कदाचित तेच कोणाचे तरी घर असेल. भांडी व कपडे नदीत साबणाने धुऊ नयेत. पाणी भरून आणून काठापासून दूर धुवावीत. प्लास्टिकची एकही पिशवी मागे राहू नये.

वाचकहो, तिळशाच्या डोहाला ना भिंत, ना पहारेकरी. तरीही तेथील मासा निर्भय आहे, कारण पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी आपण होऊन हात आवरला. नर्मदेच्या बाडसाला आज हवे आहे ते हेच. आपण दुसऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून गेलो तर यजमानाचे अंगण झाडून देतो, निदान घाण तरी करीत नाही. नदीकाठी राहुटी ठोकणाऱ्यानेही तेवढीच रीत पाळावी. आपण दोन रात्रींचे पाहुणे. घर त्या पाण्यातल्या जिवांचे आणि काठावरच्या माणसांचे आहे.