जुन्या जीपचे हेड कसे ओळखावे?



सहामाही परीक्षेत विज्ञानाच्या पेपरात पेट्रोल इंजिनाची आकृती विचारली होती. नववीतील एका मुलाने दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या वर न दाखविता शेजारी, खाली दाखविले. पुस्तकात ते वर आहेत, म्हणून आम्ही गुण कापले. मुलगा हळूच म्हणाला, "सर, बाबांच्या गॅरेजमधल्या जीपला असंच आहे." हायवेलगतच्या त्या गॅरेजमध्ये जाऊन आम्ही पाहिले. मुलगा बरोबर होता. गुण परत दिले, आणि तेथे शिकलो ते येथे देत आहोत.

ब्लॉकवर बोल्टने आवळून बसविलेला बीडाचा वरचा भाग म्हणजे सिलिंडर हेड. स्वातंत्र्यानंतर महिंद्रा कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. या जुन्या पेट्रोल जीपमध्ये मुख्यतः दोन इंजिने आढळतात. दोन्हींना चार सिलिंडर, दोन्हींची क्षमता सुमारे २.२ लिटर. मोठा फरक आहे तो हेडचा.

एल-हेड (गो-डेव्हिल) : दुसऱ्या महायुद्धातील जीपचे हेच इंजिन, शक्ती ६० अश्वशक्ती. दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असल्यामुळे हेड पाटीसारखे चपटे असते. चारही स्पार्क प्लग त्यावर वरून बसविलेले दिसतात.

एफ-हेड (हरिकेन) : यात मिश्रण आत घेणारा व्हॉल्व्ह हेडमध्ये गेला, धूर सोडणारा ब्लॉकमध्येच राहिला. वर पत्र्याचे कव्हर असते आणि कार्ब्युरेटर थेट हेडवर बसतो. आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला वर मोठी जागा मिळाल्याने मिश्रण जास्त जाते, म्हणून शक्ती ७० अश्वशक्तीच्या पुढे गेली. इंजिन उंच झाले, म्हणून १९५३ च्या सीजे-३बी जीपचे बॉनेटही उंच करावे लागले.

तरी केवळ बॉनेट पाहून निर्णय करू नये. इंजिने बदलली जातात. प्लग व कार्ब्युरेटर नसून डिझेलचा पंप व नोझल दिसले, तर ते डिझेल इंजिन आहे असे समजावे.

अमेरिकेतील जुन्या वेगवान मोटारींचे शौकीन हीच परीक्षा आणखी बारकाईने करतात. शेव्हरोलेच्या काही व्ही-८ हेडच्या टोकाला दोन उंचवट्यांची खूण असते. पण ३७८२४६१ व ३८९०४६२ या दोन वेगळ्या हेडवर तीच खूण आहे. म्हणून ओतकामाचा क्रमांक वाचावाच लागतो. तारखेत ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी. वर्षाचा मात्र शेवटचा एकच अंक. ७ म्हणजे १९५७ की १९६७, हे इतर खुणांवरून ठरवावे लागते.

हे सर्व कशासाठी? एल-हेडचे गॅस्केट एफ-हेडला चालत नाही. नुसते "जीपचे गॅस्केट द्या" म्हणून आणले, तर पैसे वाया जातात आणि गाडी उभीच राहते.

कोल्हापूर व बेळगावच्या फौंड्र्यांत इंजिनाचे भाग ओतले जातात. आपली काही मुले उद्या तेथेच काम करतील. गॅरेजमधील ज्ञान शाळेच्या दाराबाहेर ठेवण्याची चूक आमच्याकडून झाली. विश्वस्त मंडळास विनंती, भंगारातील दोन्ही प्रकारचे एकेक हेड प्रयोगशाळेसाठी मिळवून द्यावे. ते ओळखायला शिकविण्याचे काम आम्ही त्याच मुलाकडे देणार आहोत.