मुलांसाठी माशांची पेटी

चैत्र सरत आला, परीक्षा आटोपल्या, की घरोघर मुलांचे हट्ट सुरू होतात. कुणाला कुत्र्याचे पिल्लू हवे असते, कुणाला मांजर. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात यांतले काहीच परवडणारे नसते. तेव्हा आईबाप मनाशी म्हणतात, मासे बरे! भुंकत नाहीत, ओरखडत नाहीत, परगावी जाताना शेजाऱ्यांच्या गळ्यात मारावे लागत नाहीत. मग एखाद्या संध्याकाळी वाटोळे काचेचे भांडे, मूठभर रंगीत खडे आणि पिशवीतले दोन गोल्डफिश घरी येतात. आम्हीही हेच केले होते. पाचव्या दिवशी एक मासा उलटा तरंगताना दिसला, सातव्या दिवशी दुसरा. आमच्या नातीने विचारले, "आजोबा, मी तर त्यांना रोज पोटभर खायला घालत होते. मग ते मेले कसे?"

"माशांचे आयुष्यच तेवढे असते," असे सांगून आम्ही वेळ मारून नेली. ते खरे नव्हते. नीट सांभाळलेला गोल्डफिश दहा वर्षे आणि त्याहूनही अधिक जगतो. खरे उत्तर आम्हांस पुढे कळले, आणि ते थोडे कडूच आहे: ती त्यांना पोटभर खायला घालत होती, हेही त्यांच्या मरणाचे एक कारण होते.

मासा ज्या पाण्यात श्वास घेतो त्याच पाण्यात तो आपला मळ टाकतो. त्याच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर पडतो. न खाल्लेले अन्न कुजले म्हणजे त्यात आणखी भर पडते. हा अमोनिया माशाला विष आहे. मग तळ्यातले मासे कसे जगतात? तेथे पाणी पुष्कळ असते हे एक; दुसरे म्हणजे, तळाच्या वाळूवर आणि दगडांवर डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वस्ती करून असतात. त्यांतली एक जात अमोनियाचे नायट्राइट करते. तेही विषच. दुसरी जात त्या नायट्राइटचे नायट्रेट करते, आणि हे मात्र बऱ्याच प्रमाणापर्यंत माशांना सोसवते; वनस्पतींचे तर ते खतच. दुकानातून आणलेल्या नव्या पेटीत ही जिवाणूंची वस्ती नसते. ती आपोआप होते, परंतु तिला साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे ज्या दिवशी पाणी स्फटिकासारखे लखलखते, नेमका तोच काळ माशांना सर्वांत धोक्याचा.

हे ज्ञान तसे जुने नाही. १८५० साली लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून पेटीतले जीवन कसे टिकते ते दाखविले. पण त्याचा सारा भर प्राणवायूवर होता. नायट्राइट-नायट्रेट करणारे जिवाणू विनोग्राडस्कीने वेगळे करून दाखविले ते १८९० च्या सुमारास. असो.

आता गंमत अशी, की हे चार-सहा आठवडे आणि शाळेची उन्हाळी सुट्टी यांचा मेळ अगदी नेमका बसतो. सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात पेटी मांडावी आणि मासे आणावेत शाळा उघडण्याच्या सुमारास. मुलांना हे पटविणे कठीण, हे आम्ही जाणतो. मोकळ्या पेटीकडे महिनाभर काय पाहायचे? आमच्या नातीला आम्ही एक वही दिली. रोज चिमूटभर माशांचे खाणे त्या मासे नसलेल्या पेटीत टाकायचे. ते कुजून अमोनिया होतो आणि जिवाणूंना अन्न मिळते. अमोनिया व नायट्राइट तपासण्याची रसायने माशांच्या दुकानात मिळतात. दर दोन दिवसांनी थेंब टाकून नळीतला रंग पाहायचा आणि वहीत लिहायचा. आधी अमोनिया चढतो, मग तो उतरतो आणि नायट्राइट चढते, शेवटी दोन्ही शून्यावर येतात. तो दिवस माशांचा. ओळखीच्या एखाद्या निरोगी, जुन्या पेटीतली मूठभर वाळू आणून टाकली तर हे काम लवकर होते.

पेटी घ्यावी ती चौकोनी आणि जरा मोठीच. वाटोळे भांडे दिसायला गोजिरे, पण त्यात पाणी थोडे, आणि थोड्या पाण्यात विष लवकर साठते. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच या मापाच्या पेटीत सुमारे पन्नास लिटर पाणी राहते. वाळू-काचेसह वजन साठ-सत्तर किलो भरते, तेव्हा लेचेपेचे स्टूल चालणार नाही. टेबल भक्कम हवे आणि पेटीखाली थर्मोकोलचा पत्रा हवा. खिडकीतले ऊन टाळावे. उन्हाने पाणी तापते आणि काच शेवाळून हिरवी होते. वाळू पाणी नितळ निघेपर्यंत धुवावी. नळाचे पाणी बादलीत एक दिवस उघडे ठेवले म्हणजे त्यातला क्लोरीन बहुतेक उडून जातो. खात्रीसाठी क्लोरीन मारणारे औषध मिळते. स्पंजचा साधा फिल्टर पुरे, तो रात्रंदिवस चालू ठेवावा.

गोल्डफिश मात्र या पेटीत नको. तो कार्पच्या कुळातला. वीतभर सहज वाढतो आणि मळ फार करतो. दुकानदार काच साफ करणारा म्हणून काळा 'सकर' गळ्यात मारतात. तो फुटाहून मोठा होतो. आमची निवड झेब्रा दानियोची. अंगावर निळे पट्टे असलेला हा चपळ मासा आपल्याच देशातल्या ओढ्यांतला, काटक, आणि जेमतेम दीड इंचाचा. तो थव्याने राहणारा असल्यामुळे आधी चार आणावेत, पंधरा दिवसांनी आणखी तीन-चार. तो उडी मारतो, म्हणून झाकण हवेच. गप्पीही चांगला, पण नर-मादी एकत्र ठेवली तर पिल्लांची गणती विसरावी.

खाणे दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे, आणि आठवड्यातून एक दिवस दिले नाही तरी बिघडत नाही. मुलांना हे निर्दयपणाचे वाटते. वहीतला अमोनियाचा रंग दाखवावा. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे. स्पंज काढलेल्या त्या जुन्या पाण्यातच पिळावा. नळाखाली धुतला तर महिनाभर जोपासलेली वस्ती क्लोरीनने एका मिनिटात मरते. आमच्या घरी एका उत्साही पाहुण्याने तो साबणाने धुतला होता आणि आम्हांस वही पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करावी लागली.

आणि हौस फिटली, पेटी काढून टाकायची झाली, तर मासे दुकानात परत द्यावेत किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला. पुण्य म्हणून ते नदीत वा तळ्यात सोडू नयेत. असेच सोडून दिलेले सकर आज आपल्या देशातल्या अनेक तळ्यांत आणि नद्यांत माजले आहेत, आणि कोळ्यांच्या जाळ्यात विकाऊ माशांऐवजी तेच येऊन पडतात.